रुखमाबाईला वीसपैकी चार

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. माझे कोपरे मऊ पडले आहेत आणि पाठीवर चहाच्या बशीचा गोल डाग आहे. पण माझ्या छातीवर एक कागद चिकटवलेला आहे आणि त्यावर वीस वाक्ये आहेत. त्या वीस वाक्यांनी मी चार वर्षे माणसे मोजली. धान मोजायला पायली असते, कापड मोजायला गज असतो, तसा मी होतो. मी काय मोजायचो, आणि एकदा माझे माप कसे चुकले, ते तुम्हाला सांगावेसे वाटते. आज तुमच्यासारखी ऐकणारी मुले भेटली ही देवाचीच दया.

माझा आधीचा जन्म एका हजेरीपटाच्या पाठीचा. हजेरीपट फाटला, मी उरलो. ब्रह्मपुरीच्या बसस्थानकामागे कय्यूमभाईंचे टायपिंगचे आणि सायक्लोस्टाइलचे दुकान होते. तिथे एका फळीवर मी सन एकोणीसशे नव्व्याण्णवपर्यंत पडून होतो. कय्यूमभाईंची मुलगी नूरी गावातल्या एका डॉक्टरांकडे काम करायची. इंजेक्शन द्यायची, पट्ट्या बांधायची, आणि रोग्याच्या नातेवाइकांशी बोलायची. हे शेवटचे काम तिला सर्वांत चांगले यायचे.

त्या डॉक्टरांच्या मनाला एक गोष्ट लागली होती. डोक्याला मोठा मार लागलेली माणसे नागपूरहून टाके घालून घरी येत. टाके सुकत, केस वाढत, आणि घरचे म्हणत, झाला बरा. एका गावात तर असा माणूस चौथ्या महिन्यात चारोळी काढायला पुन्हा झाडावर चढवला. त्याला मध्येच घेरी आली. तो परत खाली पडला, आणि त्या वेळी मात्र वाचला नाही. घरच्यांनी काही वाईट मनाने केले नव्हते. त्यांना माहीत नव्हते, एवढेच.

तेव्हा डॉक्टरांनी ठरवले, की घरच्यांना काय माहीत आहे आणि काय नाही, हे आधी मोजायचे. त्यासाठी त्यांनी वीस वाक्ये लिहिली. घरच्या माणसाने प्रत्येक वाक्याला 'बरोबर', 'चूक' किंवा 'माहीत नाही' एवढेच म्हणायचे. जितकी उत्तरे खरी, तितके गुण. गुण कमी पडले, तर त्या घराला जास्त शिकवायचे. साधी गोष्ट होती.

पण डॉक्टरांची वाक्ये साधी नव्हती. कय्यूमभाईंनी पहिलेच वाक्य मोठ्याने वाचले, "मेंदूस इजा झालेल्या व्यक्तीच्या स्मरणशक्तीत न्यूनता संभवते." मग चष्मा कपाळावर ढकलून ते नूरीला म्हणाले, "बेटा, हे कोणाले विचारणार? रोग्याले की तहसीलदाराले?"

नूरी हसली. तिने पेन घेतला आणि खाली लिहिले, 'डोक्याला मार लागलेला माणूस कालची गोष्ट विसरतो.' अशी वीसच्या वीस वाक्ये तिने सोपी केली. कय्यूमभाईंनी बिस्मिल्ला म्हणून स्टेन्सिल कापले. पहिली स्वच्छ प्रत त्यांनी खळ लावून माझ्या छातीवर चिकटवली, वरून प्लास्टिक चढवले आणि कडेला लाल कापडी पट्टी मारली. नूरीने मला वाचून दाखवायचे आणि उत्तरे वेगळ्या वहीत लिहायची, असे ठरले.

त्यानंतरची चार वर्षे मी नूरीच्या पिशवीत फिरलो. एसटीने फिरलो, काळीपिवळी जीपमध्ये सतरा माणसांच्या पायांत फिरलो. कोरपन्याला एका कापूसवाल्या शेतकऱ्याच्या आईने सगळी उत्तरे दिली आणि मग नूरीचा हात धरून विचारले, "पोरी, मी पास झाली का गं?" राजुऱ्याला अजीम नावाच्या शिंप्याची बायको उमेरा चुलीपुढे बसून प्रत्येक वाक्याला 'माहीत नाही' म्हणाली. नूरी म्हणाली, "भाभी, वीसही माहीत नाहीत?" तर ती म्हणाली, "अगं, तीन तर माहीत होते. पण माझी पोळी जळून राह्यली होती ना!"

पुष्कळ जण मला घाबरत. शाळेच्या परीक्षेत नापास झालेली माणसे मला पाहून पुन्हा नापास झाल्यासारखी बसत. नूरी त्यांना सांगायची, "यात पास-नापास नाही." पण आकडा लिहिला की माणसाला ते तसेच वाटते. खरे सांगू, मलाही हळूहळू तसेच वाटू लागले. एकदा नागपूरला डॉक्टरांची मोठी सभा भरली. आमच्या डॉक्टरांनी मला हातात उंच धरून दाखवले, टाळ्या पडल्या. तेव्हापासून मी स्वतःला फार शहाणा समजू लागलो. कोणाच्या घरी किती अज्ञान आहे ते मला कळते, असे मला वाटे. गर्व कोणाचा राहिला आहे, मित्रांनो? माझाही राहिला नाही.

दोन हजार तीन सालची गोष्ट. गणपती विसर्जन होऊन गेले होते. वैनगंगेच्या अलीकडे एका गावात आम्ही गेलो. धान गुडघ्याएवढे झाले होते. त्या गावात बापूजी नावाचे पंचेचाळीस वर्षांचे गृहस्थ होते. पावणेदोन वर्षांपूर्वी धानाच्या भाऱ्यांनी भरलेली त्यांची बंडी बांधावर उलटली आणि त्यांचे डोके दगडावर आपटले. सहा दिवस शुद्ध नव्हती. आता ते चालत होते, जेवत होते, दिसायला धडधाकट होते. खाटेवर बसून अंबाडीचा दोर वळत होते.

घरात त्यांची बायको रुखमाबाई होती. शेजारच्या घरी बापूजींचे थोरले भाऊ पत्रूभाऊ राहत. पत्रूभाऊ बांबूच्या डेपोवर मुकादम होते, लिहिणे-वाचणे जाणत होते. डॉक्टरांनी दिलेले माहितीचे पुस्तक त्यांनी दोनदा वाचले होते. नूरीने आधी त्यांना विचारले. ते ताठ बसून टपाटप उत्तरे देत गेले. वीसपैकी सतरा. इतके गुण त्या भागात कोणाला पडले नव्हते.

मग रुखमाबाईची पाळी आली. पत्रूभाऊ पडवीत बसलेले. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा, आणि त्या गावाची रीत अशी, की भासऱ्यासमोर बाईने यायचे नाही, त्याच्याशी थेट बोलायचे नाही. म्हणून ती आतल्या दाराच्या आड, डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. मला तिची फक्त बोटे दिसत होती. चौकटीला घट्ट धरलेली.

नूरीने वाचले, "डोक्याला मार लागलेल्या माणसाला लवकर राग येतो."

"चूक," आतून आवाज आला.

"असा माणूस कालची गोष्ट विसरतो."

"चूक."

"असा माणूस लवकर थकतो."

"नाई. चूक."

"बाहेरून बरा दिसला, की तो आतूनही बरा झालेला असतो."

"बरोबर. बरेच हायेत ते."

असे वीसपर्यंत झाले. नूरीने वहीत बेरीज केली. वीसपैकी चार.

मी मनात म्हणालो, अरेरे, ही तर उमेराइतकीच अडाणी निघाली. तिला तीन माहीत होते, आणि हिने पावणेदोन वर्षे रोगी सांभाळून चारच मिळवले.

जाताना पत्रूभाऊ जीपपर्यंत पोचवायला आले. त्यांचा आवाज उतरला होता. "पाह्यलं ना, सिस्टर? तिले काईच समजत नाई. उन्हाळ्यात बापू एकटाच नदीवर निंगून गेला, पान्याले पाय लागले होते त्याचे. तिच्या कपाळावर एकदा टेंगूळ दिसलं. इचारलं माह्या बायकोनं, त म्हने दार लागलं. मले का हौस हाये भावाले दूर धाडाची? पन एखाद्या दिवशी तो नदीत जाईन, नाई त ती मरीन."

त्यांनी दूरच्या एका जिल्ह्यातली संस्था पाहून ठेवली होती. तिथे अशी माणसे कायमची ठेवून घेतात. फक्त डॉक्टरांची चिठ्ठी हवी होती.

डॉक्टरांनी वही पाहिली. एकीकडे सतरा, एकीकडे चार. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "नूरी, ज्याला कळते त्याचेच ऐकावे लागेल. पण आपला नियम आहे. आपली मोजपट्टी सरळ आहे की वाकडी, हे बघायला काही घरी दुसऱ्यांदा विचारायचे. दिवाळीनंतर या बाईला पुन्हा विचार. पुन्हा एवढेच आले, तर मी चिठ्ठी देतो. कार्तिकी पौर्णिमा झाली की पत्रूभाऊ त्यांना घेऊन जातील."

म्हणजे बघा मित्रांनो, एका माणसाने आपल्या घरी राहायचे की नाही, ते माझ्यावरच्या वीस वाक्यांवर आले. मला त्याचे भय वाटले नाही. अभिमानच वाटला. हे मी आज लाजेने सांगतो.

दिवाळी झाली. धान पिवळे होऊन माना टाकू लागले. रमजानचा तिसरा रोजा होता त्या दिवशी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. पत्रूभाऊ शेतावर होते. अंगण नुकतेच सारवलेले, तुळशीपुढे सकाळची रांगोळी. बापूजी त्याच खाटेवर दोर वळत होते. त्यांनी नूरीकडे पाहून विचारले, "कोन गावची पोरगी?" मागच्या खेपेलाही त्यांनी हेच विचारले होते. नूरीने गाव सांगितले. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा दोराकडे वळले.

आज भासरा नव्हता, म्हणून रुखमाबाई बाहेर आली. बारीक अंगाची, हातात काचेच्या दोन-दोनच बांगड्या. तिने तांब्याभर पाणी आणि वाटीत गुळाचा खडा आणून नूरीपुढे ठेवला.

नूरी म्हणाली, "बाई, राग मानू नका. मला रोजा आहे. सूर्य मावळेपर्यंत पाणीही चालत नाही."

रुखमाबाईने लगेच तांब्या उचलून मागे सरकवला, चूक झाल्यासारखा. मग ती नूरीसमोर खाली बसली. "पानी पन नाई? मंग तुमचाही नेमच हाये म्हना. माहाही चातुर्मासाचा हाये. कार्तिकीले सुटीन."

"तुम्ही काय सोडलं आहे, बाई? वांगं?"

"वांगं दरसाली सोडतो. औंदा दुसरं हाये." तिने काय ते सांगितले नाही. उलट विचारले, "तुमच्या रोजात फक्त खानंपिनंच बंद राह्यते का?"

"नाही. ते सोपं असतं. अम्मी म्हणते, रोज्यात कोणाच्या पाठीमागे त्याचं उणं बोललं, तर दिवसभराचा उपास वाया गेला."

रुखमाबाई एकटक नूरीकडे पाहत राहिली. तिच्या तोंडावर आधी आश्चर्य आले, मग थोडा रागही आला. ती हळू आवाजात म्हणाली, "असं तुमच्यातही हाये, तुमाले समजते. मंग बाई, त्या दिवशी तुमी मले माह्या मालकाची चुगली काऊन करा म्हनत होत्या?"

नूरीने हातातला पेन बाजूला ठेवला.

"तो चिडते का, तो विसरते का, तो कामाचा राह्यला का. भासरे बसले होते, हे स्वतः खाटेवर बसले होते, आनि मी भरल्या घरात 'हो, बरोबर' म्हनू? माहा औंदाचा नेमच तो हाये. चार महिने कोनाचं उनं तोंडातून काढाचं नाई. घरच्या मानसाचं त मुळीच नाई."

मग तिने तो नेम का धरला तेही सांगितले. उन्हाळ्यात विहिरीवर बायकांनी विचारले, बापूजी कसे आहेत. ती त्या दिवशी फार दमली होती. बोलून गेली, "डोक्शासंगं अक्कलही फुटली त्यायची." बापूजी मागेच उभे होते. दुपारी ते घरातून गेले आणि दिवस मावळताना नदीच्या रेतीत बसलेले सापडले. का आलो ते त्यांना आठवत नव्हते. डोळे मात्र रडून लाल होते. "गोष्ट विसरले," ती म्हणाली, "पन दुखलं ते नाई विसरले."

मित्रांनो, मी नूरीच्या मांडीवर होतो. माझ्या छातीवरची वाक्ये मला जड झाली. मागच्या खेपेची तिची चार खरी उत्तरे मी आठवून पाहिली. एक वाक्य होते, 'असा माणूस काम करत नाही, तो आळसामुळे.' त्याला ती ठामपणे 'चूक' म्हणाली होती. चारही तशीच होती. खरे बोलूनही ज्यात नवऱ्याचा मान राहत होता, तिथेच ती खरे बोलली होती. बाकीच्या सोळा ठिकाणी तिने आपले गुण सोडले आणि त्यांचा मान ठेवला. मी तिला अडाणी म्हटले होते.

नूरीने मला उचलले आणि जमिनीवर पालथे ठेवले. चार वर्षांत असे कधी झाले नव्हते. सारवलेल्या मातीला माझे तोंड टेकले, आणि पुढचे मी नुसते ऐकले.

नूरी म्हणाली, "बाई, समजा पलीकडच्या गावात एक नवी सून आहे. तिचा माणूस झाडावरून पडला. टाके घालून काल घरी आणला. ती रडत तुमच्याकडे आली, म्हणाली, मावशी, मी आता काय करू? तिला सांगणं ही चुगली होईल का?"

रुखमाबाईने विचार केला. "नाई. ते त पुन्याचं काम हाये."

"मग तिला काय सांगाल?"

आधी ती चाचरत बोलली. मग कोणीतरी बांधाचे तोंड मोकळे करावे आणि पाणी वावरात जावे, तशी बोलत गेली.

"पयले सांगीन, लोकायचं आयकू नको. टाका सुकला का मानूस बरा झाला, असं लोक म्हनते. आतला टाका कोनाले दिसते? तो सालोसाल ओला राह्यते. सकाळी त्याले बरं सुचते, जे इचाराचं ते सकाळी इचारजो. दुपारून थकते. थकला का चिडते. बाई, तो तुह्यावर नाई चिडत, आपल्या थकव्यावर चिडते. आनि एका टायमाले एकच सांगजो. 'उठा, आंग धुवा, धोतर घ्या' असं म्हनशीन त तो खांबावानी उभा राहीन. लोक म्हनतीन मुजोर झाला. मुजोर नाई. तीन गोष्टी एकदम आत जाता जाता दारातच अटकते."

नूरीच्या पेनचा आवाज येत होता. ती थांबतच नव्हती.

"'जेवले का' म्हनून इचारू नको. त्याले आठवत नाई आनि त्याले लाज वाटते. आपनच ताट पाहून घेजो. वरातीचा बाजा आला त मागच्या खोलीत नेजो, दार लावून संगं बसजो. दाराले बैलाची घंटी बांधजो, म्हंजे बाहीर निंगाला का समजते. मंग मागं मागं जाजो. आडवी जाऊ नको. आडवं गेलं का त्याले भेव वाटते."

नूरीने अगदी हळू विचारले, "आणि त्याचा हात उठला तर?"

फक्त दोर वळण्याची सरसर.

"तवा दूर सर. पान्याचा गिलास ठेव आनि दूर सर. घडीभरानं तोच येते. कपाळाले हात लावते, आनि इचारते, तुले कोनं मारलं?" तिचा आवाज बारीक झाला. "मी त दार लागलं म्हनतो. पन त्या सुनेले सांगीन, तू तसं म्हनू नको. मनात गाठ बसते. आनि एकटी राहू नको. हाकेवर कोनी ठेवजो. एक त मानूस पाह्यजेच, हाक मारली का धावून येनारं."

"तुमच्या हाकेवर कोण आहे, बाई?"



तेवढ्यात अंगणाच्या कुडाजवळून खाकरण्याचा आवाज आला. रुखमाबाई चटकन उठली, बांगड्या वाजल्या, ती दाराच्या आड गेली. नूरीने मला उचलून छातीशी धरले, म्हणून मला पुढचे दिसले. पत्रूभाऊ हातात विळा घेऊन कुडाबाहेर उभे होते. किती वेळचे उभे होते देव जाणे. त्यांच्या टोपीवर धानाचे तूस होते आणि डोळे भरले होते.

ते दाराकडे न पाहता म्हणाले, "सिस्टर, तिले इचारा. इतकं होऊन राह्यलं, तिनं मले एक हाक काऊन नाई मारली? भिंतीले भिंत हाये आमची."

दार चार हातांवर होते. तरी नूरीने वळून विचारले, "बाई, भासरे विचारतात, हाक का नाही मारली?"

आतून आवाज आला. "त्यायले सांगा, भासऱ्याले हाक माराची रीत नाई."

पत्रूभाऊ विळ्याच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "तिले सांगा, आजपासून मारजो. रीत मी पाहून घेतो. पंचानं इचारलं त माहं नाव सांगजो."

आतून हुंदका आला.

पत्रूभाऊंना ते सोसेना. ते तरातरा खाटेजवळ गेले आणि भावाला म्हणाले, "बापू, चल, उठ, टोपी घाल, वावरात जाऊ, धान पाह्यजो, पायात घाल काई!"

बापूजी अर्धे उठले आणि तसेच थांबले. तोंड उघडे, एक हात हवेत. दोर मांडीवरून घसरला. त्यांच्या कपाळावरची शीर उडू लागली.

"बाई, त्यायले म्हना," दाराआडून घाईने आवाज आला, आणि मग नूरीने म्हणायची वाट न पाहता तीच म्हणाली, "एक एक सांगा, भासरे. एक सांगा, आनि थांबा."

पत्रूभाऊंनी एकदा दाराकडे पाहिले. मग भावापुढे खाली बसले, उकिडवे. सतरा गुण मिळवलेला तो माणूस पहिल्या इयत्तेतल्या मुलासारखा म्हणाला, "बापू. उठ."

थांबले.

बापूजी उठले.

"टोपी."

बापूजींनी खुंटीकडे पाहिले. थोडा वेळ गेला. कोणी बोलले नाही, कोणी मदतीला गेले नाही. मग त्यांनी टोपी काढली आणि डोक्यावर घातली. थोडी तिरपी.

"चल, धान पाहू."

दोघे भाऊ पायीच निघाले. थोरला मागे, धाकटा पुढे. बाहेर पडताना अंगणाच्या दाराला बांधलेली बैलाची घंटी वाजली.

नूरीने परतताना जीपमध्ये वही उघडली आणि रुखमाबाईच्या बोलण्यात माझी वाक्ये शोधली. वीसच्या वीस सापडली. वर आणखी अकरा गोष्टी होत्या, ज्या माझ्या अंगावर कुठेच नव्हत्या. डॉक्टरांनी ते सारे वाचले. चिठ्ठी काही लिहिली नाही. पत्रूभाऊही मागायला आले नाहीत. ती संस्था वाईट होती असे मी म्हणत नाही. पण बापूजींचे घर त्यांना पुरे होते.

मग माझे दिवस संपले. डॉक्टर आणि नूरीने नवीन प्रश्न केले. आता ते 'बरोबर की चूक' असे तोडून विचारत नाहीत. त्या पलीकडच्या गावातल्या सुनेची गोष्ट सांगतात, आणि विचारतात, तुम्ही तिला काय सांगाल? एकेकाला एकटे बसवून विचारतात. त्या नव्या कागदात रुखमाबाईच्या अकरा गोष्टीही आल्या. मी कय्यूमभाईंच्या दुकानात परत गेलो. पुढे सायक्लोस्टाइल गेले, झेरॉक्स आले, माझ्यावर चहाच्या बश्या ठेवल्या जाऊ लागल्या. मी रागावलो नाही. बशी तरी सरळ राहते माझ्यावर.

दोन-तीन वर्षांनी नूरीने दुकानात बसून वडिलांना एक गोष्ट सांगितली, ती मी ऐकली. पत्रूभाऊंनी जेवणाची सुट्टी झाली की भावाजवळ येऊन बसायचे आणि तेवढ्या वेळात रुखमाबाईने निवांत पोथी वाचायची, असा त्या घराचा नेम झाला होता. पहिल्यांदा तिने खरोखरीची हाक मारली, तेव्हा अख्खी गल्ली बाहेर आली होती म्हणे. भासऱ्याला हाक मारणारी बाई पाहायला! पत्रूभाऊ हातातला घास टाकून धावले. आणि परत येताना गल्लीतल्यांना म्हणाले, "काय पाहून राह्यले? तुमच्या घरी हाक माराले कोनी हाये का, ते पाहा जाऊन."

मित्रांनो, मी मापाचा पुठ्ठा होतो, म्हणून मला माझ्याच जातीचे थोडे वाईट सांगण्याचा हक्क आहे. ज्या घरी असा रोगी असतो, त्या घरात एक माणूस असे असते, की ज्याला फार माहीत असते आणि जे कोणाला सांगत नाही. लाजेने सांगत नाही, मायेने सांगत नाही, कधी नेमाने सांगत नाही. तुम्ही मोठे होऊन डॉक्टर व्हाल, सिस्टर व्हाल, किंवा नुसते शेजारी व्हाल. अशा घरी गेलात आणि घरच्या बाईने दारातूनच सांगितले की सगळे बरे आहे, तर तेवढे लिहून परत फिरू नका. हातातले कागद पालथे ठेवा. तिने पाणी दिले तर घ्या, उपास असेल तर तसे सांगा, आणि तिच्याजवळ थोडा वेळ बसा.